तगाई, सूट, मदत: नाशिकच्या शेतातील सरकारी भाषा

१८८३ या एकाच सालात शेतकऱ्यासंबंधीच्या तीन लेखनकृती सिद्ध झाल्या. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिक जिल्ह्यावरील सोळावा खंड त्या वर्षी छापून निघाला. जमीन सुधारणेसाठी कर्ज देण्याचा कायदा (१८८३ चा एकोणिसावा) त्याच वर्षी मंजूर झाला. आणि त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. तिन्हींचा विषय एकच माणूस आहे. पण गॅझेटियरमध्ये त्याचे वर्णन येते, कायद्यात तो ऋणको होतो आणि असूडात तो फिर्यादी म्हणून उभा राहतो. साहित्याच्या अभ्यासकांना यांपैकी तिसरे लेखन परिचित असते, पहिले संदर्भापुरते ठाऊक असते. दुसरे सहसा कोणी वाचत नाही. आम्हांस मात्र असे वाटते की अवर्षण, अतिवृष्टी किंवा गारपीट यांनंतर सरकार शेतकऱ्याच्या हातावर जे ठेवते त्याचा इतिहास समजून घ्यावयाचा, तर या न वाचल्या जाणाऱ्या वाङ्मयाकडेच, म्हणजे कायदे, नियमावल्या, शासन निर्णय आणि पंचनामे यांच्या भाषेकडेच वळले पाहिजे. या व्यवहारात रक्कम ठरण्याच्या आधी शब्द ठरत असतो. गेल्या सुमारे एकशेचाळीस वर्षांत हे शब्द बदलत गेले: तगाई, तहकुबी, सूट, मजुरी, मदत, अनुदान. शेतकरी ज्या शब्दाने ही रक्कम मागतो, तो ‘भरपाई’ हा शब्द मात्र सरकारने शक्य तेथवर टाळला आहे.

प्रारंभ तगाईपासून करावा लागतो. हा शब्द अरबी-फारसीतील ‘तकावी’चे मराठी रूप. मूळ धातूचा अर्थ बळ देणे. मराठीच्या कानाला तो ‘तग धरणे’ या प्रयोगाचा भाऊबंद वाटतो. व्युत्पत्तीने तसे नाते नाही, पण लोकांनी ते मनोमन जोडले असावे, इतका तो शब्द मराठीत मुरला. त्यामागची कल्पना इंग्रजांच्या फार आधीची आहे. शिवाजी महाराजांनी ५ सप्टेंबर १६७६ रोजी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना धाडलेले पत्र इतिहासाच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे. ज्या कुणब्यापाशी माणूसबळ आहे पण बैल नाही, नांगर नाही, पोटाला दाणे नाहीत, त्याला बैलांसाठी रोख पैसा द्यावा, पोटासाठी दाणे द्यावेत, आणि पुढे वाढीदिढी न घेता केवळ मुद्दल त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू उगवून घ्यावे, असा त्या पत्राचा आशय आहे. हेही कर्जच होते. पण त्यात परतफेडीचा वेग शेतकऱ्याच्या ऐपतीवर सोडलेला होता.

१८८३ च्या आणि त्यापाठोपाठ आलेल्या १८८४ च्या शेतकरी-कर्ज कायद्याने या कल्पनेला दप्तराचे रूप दिले. पहिल्या कायद्याखाली विहीर, बांध, ताल यांसाठी पैसा मिळे. दुसऱ्याखाली बी-बियाणे, बैल आणि संकटनिवारणासाठी. व्याज सावकाराच्या मानाने हलके असे, आणि हप्ता थकला तर तो जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे, म्हणजे जप्तीच्या धाकाने वसूल करता येई. अर्ज, जामीन, तलाठ्याचा अहवाल, मामलेदाराची मंजुरी असा तो प्रवास होता. सावकार लुबाडी, हे १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर सरकारलाही मान्य करावे लागले होते. परंतु पेरणीची वाफसा चार दिवसांची असते आणि अर्जाचा प्रवास चार आठवड्यांचा, हे गणित सावकाराला कळत होते. म्हणून तगाईचा कायदा असूनही सावकाराचा उंबरा झिजतच राहिला. असो.

तगाई देण्याइतकेच महत्त्वाचे होते सारा न घेणे. त्याचे दोन प्रकार: तहकुबी, म्हणजे वसुली पुढे ढकलणे, आणि सूट, म्हणजे ती सोडून देणे. कोणाला काय द्यावयाचे हे ठरवण्यासाठी जे माप वापरले गेले ते आणेवारीचे. पुरे पीक म्हणजे सोळा आणे; त्यातले किती आणे पीक उभे आहे, हे अधिकाऱ्याने नजरेने सांगावयाचे. मुंबई इलाख्यात पीक चार आणे वा त्याहून कमी उतरले तर त्या वर्षाची पूर्ण तहकुबी मागता येई. आता ‘पुरे पीक’ म्हणजे कोणते? कोणत्या जमिनीतले, कोणत्या सालातले? हा प्रश्न कागदावर सुटला तरी बांधावर सुटत नसे. १९१८ सालचा खेड्याचा सत्याग्रह याच प्रश्नावर उभा राहिला. पीक चार आण्यांच्या आत आहे असे पाटीदारांचे म्हणणे, तर वर आहे असे कलेक्टर कचेरीचे. गांधींच्या राजकारणाच्या दृष्टीने त्या लढ्याचे विवेचन पुष्कळ झाले आहे. परंतु मुळात तो एका अपूर्णांकाच्या वाचनाविषयीचा वाद होता, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. हाच इलाखा आणि हीच मोजणी नाशिकचीही होती.

नाशिक जिल्ह्यात ही मोजणी विशेष अवघड होती. पश्चिमेस इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा हा घाटमाथ्याचा मुलूख. तेथे पाऊस कोसळतो आणि भात, नागली, वरई पिकते. पूर्वेस सिन्नर, येवला, नांदगाव, मालेगाव हा पर्जन्यछायेचा प्रदेश; तेथे बाजरीचे कणीस भरले की वर्ष तरले. एकाच कलेक्टरच्या हुकमतीखाली एका टोकाला पीक सडते आणि दुसऱ्या टोकाला वाळते. जिल्ह्याची सरासरी काढणाऱ्याला दोन्ही टोकांचे दुःख अर्ध्यावर आलेले दिसते. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, आणा बाजारातून गेला आणि आणेवारीची ‘पैसेवारी’ झाली. सप्टेंबरात नजरअंदाज, ऑक्टोबरात सुधारित, डिसेंबरात अंतिम अशी ती जाहीर होऊ लागली, आणि पन्नास पैशांची रेघ ही दुष्काळाची रेघ ठरली. गावोगावी मात्र लोक आजही आणेवारीच म्हणतात. चलनातून गेलेले नाणे संकटाच्या भाषेत टिकून राहावे, हा भाषेच्या अभ्यासकांनी टिपून ठेवावा असा नमुना आहे.

तगाई आणि सूट ही जमीन धारण करणाऱ्यासाठी. जो उरला त्याच्यासाठी काम होते. १८७६–७७ च्या दुष्काळात व्हाइसरॉयचा प्रतिनिधी म्हणून आलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरी खाली आणून दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर एक आणा अशी ठरवली. दख्खनमधील हजारो मजुरांनी १८७७ च्या प्रारंभी कामे सोडून दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे मुख्यतः गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यांचे म्हणणे सरकारपुढे मांडले. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या, आणि सरकारने कोणत्या अवस्थेत काय करावे हे प्रथमच लेखी बांधले गेले. अर्थात ते इंग्रजीत होते आणि कचेरीसाठी होते.

१८९६ च्या दुष्काळात घडलेली गोष्ट आम्हांस या इतिहासातील सर्वांत मोलाची वाटते. टिळकांनी आणि सार्वजनिक सभेने या संहितेतील तरतुदी मराठीत आणल्या, ‘केसरी’तून समजावून सांगितल्या, गावोगावी माणसे पाठवून सांगितले की पीक बुडाले असेल तर सूट मागणे ही भीक नव्हे, सरकारनेच लिहून ठेवलेली गोष्ट आहे. भाषांतर म्हणजे काय, याविषयी आपल्या वर्गांतून आपण पुष्कळ बोलतो. येथे भाषांतराने एवढेच केले की कृपेचे रूपांतर मागणीत झाले. सरकारला त्याचा अर्थ तत्काळ कळला. सभेच्या प्रचारकांवर खटले झाले आणि मार्च १८९७ मध्ये, सार्वजनिक धोरणाविषयी सरकारशी बोलणारी संस्था म्हणून सभेला असलेली मान्यताच काढून घेण्यात आली. संहिता लिहिणे गुन्हा नव्हता; ती ज्याच्यासाठी लिहिली त्याला वाचून दाखवणे मात्र खपले नाही.

त्यानंतर दोनच वर्षांनी १८९९–१९०० चा, विक्रम संवत १९५६ वरून ‘छपन्नचा’ म्हणून ओळखला गेलेला दुष्काळ आला. १८९१ च्या शिरगणतीत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८ लाख ४३ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे ८ लाख १६ हजार भरली. दहा वर्षांत जी वाढ व्हावयाची ती तर नाहीच, उलट सत्तावीस हजार माणसे कमी. त्यात प्लेगचाही वाटा आहे. पुढे १९०१–०३ च्या सिंचन आयोगानंतर चणकापूर, नांदूर मधमेश्वर आणि १९१६ मध्ये पुरे झालेले दारणा ही कामे जिल्ह्यात उभी राहिली. आज निफाडच्या शेतातून खेळणाऱ्या पाण्याच्या मुळाशी दुष्काळनिवारणाचा तो विचार आहे.

स्वातंत्र्यानंतर काय झाले? सर्वप्रथम शब्द बदलला. १९६३ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने एक कायदा केला, त्याचे नावच मुळी राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द वगळण्याचा कायदा असे आहे. दुष्काळाच्या जागी ‘टंचाई’ आली. स्वतंत्र राष्ट्रात उपासमारीने मरण्याची वेळ कोणावर येऊ दिली जाणार नाही, हा त्यामागचा अभिमान आम्ही समजू शकतो. पण एखादी गोष्ट कायद्याने कोशातून काढून टाकावी आणि ती शेतातूनही निघून जावी असे होत नाही. नऊच वर्षांनी, १९७२ मध्ये, ती परत आली. खडी फोडणारी माणसे, सुकडी, परदेशातून आलेला तांबडा मिलो हे शब्द ज्यांच्या घरांत अजून बोलले जातात, त्यांना टंचाई म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मे १९७३ मध्ये राज्यभरात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यातूनच वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना राज्यव्यापी झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून तो अमलात आला. या दीड शतकाच्या वाङ्मयात ‘हक्क’ हा शब्द सरकारने आपल्या हाताने लिहिला तो येथे. आणि तो कामासाठी लिहिला, पिकासाठी नव्हे.

टंचाई या शब्दाचे पुढे आणखी एक अपत्य जन्मास आले: ‘दुष्काळसदृश परिस्थिती’. मराठीच्या अध्यापकाने ‘सदृश’ या प्रत्ययसदृश शब्दावर एक तास घ्यावा, इतके काम त्याने केले आहे. उपमेत उपमान आणि उपमेय वेगळे असावे लागतात. येथे दुष्काळच दुष्काळासारखा होता. मुंबई उच्च न्यायालयात या विषयावरील याचिका चालू असताना मे २०१६ मध्ये सरकारने स्पष्ट केले की आधीच्या आदेशांत जेथे ‘दुष्काळसदृश’ असे शब्द आहेत तेथे ‘दुष्काळ’ असे वाचावे. सुमारे २९ हजार गावे त्या एका दुरुस्तीने दुष्काळात आली. पाऊस तोच होता.

आता आजच्या व्यवहाराकडे येऊ. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर या मदतीची भाषा देशभर एकसारखी झाली. केंद्राचे निकष ठरतात, राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून पैसा येतो, आणि त्या निकषांतील पीकहानीचे शीर्षक ‘निविष्ठा अनुदान’ असे आहे: बियाणे, खत यांच्या खर्चाला हातभार. ही रक्कम साहाय्य आहे, भरपाई नव्हे, हे केंद्र सरकार संसदेत आणि पत्रकांतून वेळोवेळी सांगत आले आहे. पूर्वी अर्ध्याहून अधिक पीक गेले तरच हे अनुदान मिळे. २०१५ पासून ती मर्यादा तेहतीस टक्क्यांवर आणली गेली. हा बदल लहान नाही. १९१८ च्या शेतकऱ्याला बारा आणे गमवावे लागत होते, आजच्याला सव्वापाच पुरतात. २०२२ च्या केंद्रीय निकषांनुसार दर असे: जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५००, मर्यादा दोन हेक्टर. सातबारावर ज्या ‘आर’मध्ये क्षेत्र लिहितात त्या एका आराला हे अनुक्रमे ८५, १७० आणि २२५ रुपये होतात. राज्याने ऑगस्ट २०२२ मध्ये हे दर १३,६००, २७,००० आणि ३६,००० असे वाढवून मर्यादा तीन हेक्टर केली; २०२५ च्या उन्हाळ्यात पुन्हा केंद्राच्या आकड्यांवर येणे झाले.

तीन रकाने: जिरायत, बागायत, बहुवार्षिक. बाजरी आणि नागलीच्या नाशिकला हे रकाने कदाचित पुरले असते. पण विसाव्या शतकात ओझर, पिंपळगाव, दिंडोरी या पट्ट्यात द्राक्षाने आणि लासलगावच्या परिसरात कांद्याने शेतीचे रूपच पालटले. द्राक्षबागेचा वर्षाचा खर्च एकरी लाखांत जातो; २२,५०० रुपये हेक्टर म्हणजे एकराला जेमतेम नऊ हजार. आम्हांस या तफावतीपेक्षा दुसरी एक गोष्ट अधिक बोलकी वाटते. द्राक्षाचे नुकसान पंचनाम्याच्या व्याकरणात बसत नाही. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर वेल फुलोऱ्यात असताना चार दिवस पाऊस लागला, तर घड जिरतो, कुजतो, डावणी पसरते. बाग मात्र हिरवीगार उभी असते. बांधावरून छायाचित्र घेतले तर त्यात पानेच दिसतात. पुढे मणी भरल्यावर पाऊस आला तर मणी तडकतात. तडकलेल्या मण्यांचा घड तोडून टाकावा लागतो, पण वेलीचे क्षेत्र सातबारावर जेवढे होते तेवढेच राहते. बाजरी आडवी पडली की कोणालाही दिसते. द्राक्ष उभ्या उभ्या बुडते. नजरेने आणे मोजण्याची जी रीत कणसाच्या पिकासाठी बेतली गेली, ती येथे आंधळी ठरते.

२०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस नाशिकमध्ये नेमके हेच घडले. छाटणी झालेल्या बागा, सोंगणीला आलेला मका, कांद्याची रोपे यांवर परतीचा पाऊस कोसळत राहिला, आणि त्याच वेळी निवडणुकीनंतर राज्यात सरकारच बनत नव्हते. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट आली. १६ नोव्हेंबरला राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी खरीप पिकांना हेक्टरी ८,००० आणि बहुवार्षिक फळबागांना १८,००० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, असे जाहीर केले. मंत्रिमंडळ नव्हते, पालकमंत्री नव्हते. तरी तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांचा संयुक्त पंचनामा चालू होता. राज्य म्हणजे काय, याचे उत्तर त्या पंधरा दिवसांत शेतकऱ्याला त्या तीन माणसांच्या रूपाने दिसले. २६ नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीनंतर निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागांत पुन्हा तेच तिघे आले. (या तिघांचीही पदनामे अलीकडे बदलली आहेत: ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी, सहायक कृषी अधिकारी. गाव त्यांना जुन्याच नावांनी हाक मारते.)

पंचनामा हा शब्दही न्याहाळण्याजोगा आहे. पाच जणांनी मिळून पाहिलेल्याचे लेखन, असा त्याचा अर्थ. प्रत्यक्षात त्यातला कर्ता सातबारा आहे. ज्याचे नाव उताऱ्यावर, त्याचे नुकसान. बटाईने किंवा खंडाने जमीन कसणाऱ्याने बियाणे घेतले, फवारणी केली, रात्री पाणी भरले, तरी पैसा खातेदाराच्या बँकेत जमा होतो. वर्षानुवर्षे शेतात राबणाऱ्या बाईचे नाव उताऱ्यावर नसेल तर पंचनाम्यातही नसते. आणि पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात वनजमीन कसणाऱ्यांपाशी उताराच नसतो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत जो शेतकऱ्यांचा मोर्चा चालत गेला, त्यात यांचीच संख्या मोठी होती. त्यांच्या मागण्यांत वनहक्काचे पट्टे होते, कर्जमाफी होती, गारपीट आणि बोंडअळीच्या नुकसानीचा मोबदलाही होता. वृत्तपत्रांनी रक्ताळलेले पाय दाखवले. पट्ट्याची मागणी आणि मोबदल्याची मागणी या मुळात एकच आहेत, कारण पट्ट्यावाचून पंचनाम्यात नाव येत नाही, हे मात्र फारसे कोणी लिहिले नाही.

शेतकऱ्याने स्वतः या शब्दव्यवहाराला उत्तर दिले नाही असे नव्हे. १९८० च्या कांदा-ऊस आंदोलनात शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने नाशिकच्या रस्त्यांवर आणि रुळांवर जी घोषणा दिली ती ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ अशी होती. १८९६ मध्ये ‘केसरी’ने मांडलेलेच म्हणणे तीत पुन्हा आले आहे, फक्त या वेळी ते शेतकऱ्याने स्वतः उच्चारले. २०१८ च्या अखेरीस याच जिल्ह्यातील एका उत्पादकाने कांद्याच्या विक्रीतून आलेली हजारभर रुपयांची सगळी रक्कम मनिऑर्डरने पंतप्रधानांकडे आपत्ती निवारण निधीसाठी पाठवून दिली. भाव कोसळणे ही नियमावलीत आपत्ती नाही. तिला आपत्ती म्हणवून घेण्याचा याहून उपरोधिक मार्ग एखाद्या कसलेल्या विनोदी लेखकालाही सुचला नसता.

७ ऑक्टोबर २०२५ रोजी, त्या वर्षीच्या अतिवृष्टीनंतर, राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. नाव पुन्हा मदत असेच. तिच्यात जिरायत, बागायत आणि बहुवार्षिक हे तीन रकाने होतेच. त्यांखेरीज एक चौथी ओळ होती, रब्बीच्या पेरणीत बियाणे व अन्य खर्चासाठी हेक्टरी १०,००० रुपये, तीन हेक्टरांपर्यंत. बियाण्यासाठी पैसा देण्याचे १८८४ च्या कायद्यातील कलम पाहिले तर प्रयोजन अगदी तेच आहे. त्या वेळी ते कर्ज होते आणि ते महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होई. आता ते परत करावे लागत नाही, पण ते मिळण्यासाठी यादीत नाव, आधारशी जोडलेले खाते आणि शेतकरी ओळख क्रमांक किंवा ई-केवायसी लागते.